रोहिणीकाठचा नामंजूर ठराव

शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेला आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून याच तंट्याची मांडणी केली. त्या मांडणीतील एक तपशील मात्र आपल्या नजरेतून सहसा निसटतो. शाक्य संघाच्या सभेत सिद्धार्थाने युद्धाला नुसता विरोध केला नाही; त्याने एक रीतसर सूचना मांडली. शाक्यांनी दोघे निवडावेत, कोलियांनी दोघे निवडावेत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि त्या पाच जणांनी वादाचा निर्णय करावा. सूचना मतास टाकली गेली आणि बहुमताने फेटाळली गेली.

तीच रोहिणी आज आंतरराष्ट्रीय नदी आहे. नेपाळमध्ये उगम पावून ती भारतात येते आणि गोरखपूरजवळ राप्तीला मिळते. सीमा बदलल्या, राज्ये बदलली. परंतु त्या सभेत नामंजूर झालेल्या सूचनेची गरज संपली नाही. उलट हवामान बदलाच्या या काळात ती अधिक तीव्र झाली आहे, असे आम्हांस वाटते.

राष्ट्राराष्ट्रांमध्ये पाण्याचे करार झालेलेच नाहीत, असे नव्हे. प्रश्न आहे तो करारानंतरच्या रोजच्या जबाबदारीचा. कोसी नदीचे उदाहरण घ्यावे. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५४ साली कोसी करार झाला. बॅरेज आणि तटबंध उभे राहिले. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे पूर्वेकडील तटबंध फुटला. ज्या रचनेची क्षमता साडेनऊ लाख क्युसेक मानलेली होती, ती दीड लाख क्युसेकहून कमी प्रवाहात कोसळली. नदी आपल्या जुन्या पात्रात शिरली. बिहारमधील तीस लाखांहून अधिक लोकांना आणि नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यातील हजारो कुटुंबांना त्याची झळ बसली. तटबंधाची जमीन एका देशाची आणि देखभालीचे काम दुसऱ्या देशाकडे, अशी ती व्यवस्था होती. आपत्तीनंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखविले गेले. करार कागदावर शाबूत होता. तुटले होते ते तटबंध आणि परस्परांवरील विश्वास.

बाबासाहेबांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर नदीचा उगम त्या वेळच्या बिहार प्रांतात आणि पुराचा तडाखा बंगालला. प्रांतांच्या हद्दीप्रमाणे नदीचे तुकडे पाडून हा प्रश्न सुटणार नाही. संपूर्ण खोरे एक मानून, सर्व संबंधितांना एकत्र बांधणारी कायमची संस्था हवी, ही दृष्टी त्यांच्या खात्याने पुढे नेली. १९४८ साली स्थापन झालेले दामोदर खोरे महामंडळ हे तिचे फलित. ज्या महापुरुषाने १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला, त्यानेच पाण्याचे शासन कसे असावे याचाही विचार दिला. हे दुसरे कार्य आपल्या समाजाला अद्याप पुरेसे ठाऊक नाही.

आता हवामान बदलाने जुने हिशेब मोडले आहेत. भारत व बांगलादेश यांच्यातील गंगाजल करार १२ डिसेंबर १९९६ रोजी तीस वर्षांसाठी झाला. जानेवारी ते मे या टंचाईच्या महिन्यांत फराक्का येथील पाणी कसे वाटावे, याचे त्याचे कोष्टक १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरी प्रवाहावर आधारलेले आहे. ती सरासरी यापुढे भरवशाची राहील काय? काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वत विकास केंद्राने २०१९ साली इशारा दिला की, जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या शतकाच्या अखेरीस हिंदुकुश-हिमालयातील सुमारे एक तृतीयांश हिमनद्या नष्ट होतील. जुलै २०२५ मध्ये तिबेटकडील हिमनदीवरच्या तळ्याचे पाणी भोटेकोशीतून कोसळले आणि नेपाळ-चीन सीमेवरील मैत्री पूल वाहून गेला. अशा वेळी खालच्या गावाला हवा असतो तो काही तास आधीचा निरोप.

शत्रुत्व असताना सहकार्य कसे करावयाचे, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. १९६० चा सिंधू करार १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही टिकला; पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित केला. निरपराधांच्या रक्ताने विश्वास बुडतो, हे खरेच. तथापि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तावी नदीला पूर आला, तेव्हा करार स्थगित असतानाही भारताने मानवतेच्या भूमिकेतून पाकिस्तानला पुराचा इशारा कळविला. आमच्या मते सहकार्याची ही किमान पायरी आहे. पाण्याच्या वाट्याविषयी मतभेद असू शकतात. पण पुराचा इशारा, पर्जन्याची नोंद, धरणातील विसर्गाची माहिती यांचा सौदा होता कामा नये. नदीकाठचा माणूस कोणत्या देशाचा, हे पूर विचारीत नाही.

ही गोष्ट दूरची वाटत असेल, तर २०१९ च्या ऑगस्टमधील सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवावा. त्या वेळी अलमट्टीच्या विसर्गावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातही असाच वाद झाला होता. एकाच देशातील दोन राज्यांना जे अवघड जाते, ते दोन राष्ट्रांना सोपे कसे जाईल? म्हणूनच कायमची संयुक्त यंत्रणा हवी, आणि ती संकटाच्या आधी हवी.

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला पाण्याच्या पाळीचा अर्थ कळतो. टाकीत पाणी किती, हे सर्वांना ठाऊक असले की उन्हाळ्यातही पाळी निभावते. ते लपविले गेले की पहिल्याच दिवशी भांडण होते. प्रतीत्यसमुत्पादाचा धडा याहून वेगळा काय आहे? आपल्या विद्यालयाने आवारात पर्जन्यमापक बसवावा, विहिरीच्या पातळीची नोंद विद्यार्थ्यांकडून रोज लिहवून घ्यावी आणि ती गावाच्या चावडीवर लावावी. अभियंते, वकील, प्रशासक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी नद्यांच्या प्रश्नाकडे आपल्या व्यवसायाचे कार्य म्हणून पाहावे. आंतरराष्ट्रीय आयोगांवर उद्या जे बसतील, त्यांत आपल्या वसतिगृहांतून गेलेले कोणी का नसावे?

रोहिणीच्या काठी ती सूचना एका मतदानात पडली. ती पुन्हा मांडण्याचा अधिकार तथागतांच्या अनुयायांना जितका आहे, तितकेच ते त्यांचे कर्तव्यही आहे.