कंबर धरली तर

आपण म्हणतो ‘कंबर धरली’, कन्नडात म्हणतात ‘सोंट हिडियितु’; दोन्ही घरांत उपाय मात्र एकच, पडून राहा! हा उपाय आता मोडीत काढावा. १९९५ साली हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. दोन दिवस अंथरुण धरणाऱ्यांपेक्षा झेपेल तसे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. मात्र पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरता आली वा लघवी अडली, तर चोळणाऱ्याकडे न जाता तडक इस्पितळ गाठावे.

पण हमालाने ‘झेपेल तसे’ म्हणजे काय करावे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली. यंत्राचा घसारा आम्ही वाणिज्यवाले दरवर्षी खर्ची टाकतो. पाठीचा घसारा हमालाच्या चुलीतून वजा होतो. कंबर धरलेल्या हमालाला त्याच मजुरीवर हलके काम द्यायला व्यापाऱ्यांची हरकत का असावी?