अंगावरून वारे गेले, तर आधी कुठे जायचे?



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा आणि खतांचे हप्ते यावर लिहावे, माणसांच्या दुखण्यात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. पण प्लॉट बघत फिरताना ओसरीवरच्या खाटेवर हात लुळा पडलेला माणूस दिसतो. विचारले की ठरलेले उत्तर येते, "अंगावरनं वारं गेलं. आधी गावठी औषध केलं, मग दवाखान्यात नेलं." हे 'आधी' आणि 'मग' उलटे झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वारे बाहेरून येत नाही. मेंदूला रक्त नेणारी शीर गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. बहुतेकांची तुंबलेली असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. शीर तुंबली की फुटली हे सीटी स्कॅनशिवाय भल्या डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणून घरात कुणाची रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर तीही आपल्या मनाने चारू नये. मोठी शीर तुंबली असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. तोडलेला ऊस फडात वाळत पडला की उतारा कसा घसरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि या मोलाच्या तासांत आपण काय करतो? पारव्याचे रक्त चोळतो, नाकात तेल सोडतो, काढा पाजतो. काढ्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. अशा रोग्याचा घसा नीट चालत नाही. काढा, चहा, अगदी पाणीसुद्धा फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. गिळता येते की नाही हे दवाखान्यात तपासेपर्यंत तोंडात काही घालू नये. शेकण्याचेही तेच. लुळ्या बाजूला चटका कळत नाही, कातडी भाजून निघते.

मग लोकांना गुण येतो तो कसा? काहींचे तोंड वाकडे होते, हात जड पडतो आणि तासाभरात सगळे आपोआप सरळ होते. त्या वेळी ज्याने जे दिले त्याला श्रेय मिळते. खरे तर ती सूचना असते. पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका फार असतो. बाकीच्यांतही बरीचशी सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, तेल लावा अगर न लावा.

मी आयुर्वेदाच्या विरुद्ध नाही. पक्षाघाताचे उपचार चरकसंहितेत आहेत. दवाखान्यातून घरी आल्यावर डॉक्टरांना सांगून, शिकलेल्या वैद्याकडून मालीश जरूर करून घ्या. फक्त लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. व्यायाम चुकवू नका. पुडीत बांधलेली, नाव नसलेली भस्मे मात्र नकोत. अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तर १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल निघाले. हा अहवाल २००४ सालचा. कोणाला राजस्थानात बुटाटीला सात दिवस फेऱ्या घालायला जायचे असेल, तर श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण ब्लडप्रेशरच्या गोळ्या पिशवीत असू द्या. 'पथ्य आहे' म्हणून त्या बंद करणारा माणूस दुसरा झटका ओढवून घेतो.

तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडला, बोलणे बोबडे झाले, यातले एक जरी अचानक दिसले तरी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. उशीर झाला म्हणूनही घरी ठेवू नका. तारेने गुठळी काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, आणि निवडक रोग्यांना ती २४ तासांपर्यंत चालते.

रात्री-अपरात्री सीटी स्कॅन कुठे होतो, याची यादी प्रत्येक गट कार्यालयात लावावी, अशी माझी शेतकी खात्याला विनंती आहे. आपल्या भागातले असे ठिकाण ज्यांना माहीत असेल, त्यांनी नाव व फोन नंबर चिठ्ठीवर लिहून चिटबॉयकडे द्यावा.

— ऊस विकास अधिकारी