दानाचे पुण्य कोणाचे, वेठ कोणाची?

धर्म आणि राजसत्ता यांची युती ही आजच्या राजकारणाने शोधून काढलेली वस्तू नव्हे. महाराष्ट्राच्या भूमीवर तिचा दस्तऐवज सोळाशे वर्षांपूर्वी तांब्यावर कोरला गेला आहे. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात वाकाटकांची विधवा राणी प्रभावतीगुप्ता हिने युवराज दिवाकरसेनाच्या नावे चालविलेल्या कारभाराच्या 13 व्या वर्षी एक गाव दान दिले. हा दानपट पुण्यातील एका तांबटाकडे मिळाला, म्हणून 'पुणे ताम्रपट' या नावाने तो इतिहासात प्रसिद्ध आहे.

या पटातील राजकारण पहिल्या ओळींपासून उघड आहे. वंशावळ दिली आहे ती पतीच्या वाकाटक कुळाची नव्हे, तर माहेरच्या गुप्त सम्राटांची. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही कन्या. पती दुसरा रुद्रसेन अकाली वारला, पुत्र अज्ञान होता, आणि नंदिवर्धनच्या (आजचे रामटेकजवळील नगरधन) गादीमागे पाटलीपुत्राचे वजन होते. पूर्वीचे वाकाटक राजे शिवभक्त; राणी मात्र स्वतःला भगवान विष्णूची निस्सीम भक्त म्हणविते. मुहूर्तही कार्तिक शुद्ध द्वादशीचा, म्हणजे देव झोपेतून जागे झाल्यानंतरच्या पारण्याचा. भगवंताच्या पादुकांना आधी निवेदन करून मग दङ्गुण हे गाव आचार्य चनालस्वामी यांना दिले गेले. हे गाव म्हणजे आजचे हिंगणघाट, असे वा. वि. मिराशी यांचे मत आहे.

राणीची भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न भक्तीचा नाही. त्या भक्तीची किंमत कोणी चुकविली, हा आहे. त्याचे उत्तर पटातील सवलतींच्या यादीत मिळते. गावात सैनिक व राजपुरुष यांनी शिरू नये. फुले व दूध घेऊ नये. फिरतीवरील अधिकाऱ्यांसाठी गवत, कातडी, कोळसा मागू नये. भूमिगत ठेवी आणि ठराविक व किरकोळ कर गावाबरोबरच दान दिले गेले. वाचताना वाटते, गाव जाचातून सुटले. वस्तुतः सुटला तो राजाचा हक्क, कुणब्याचा बोजा नव्हे. कर माफ झाले नाहीत. त्यांचा धनी बदलला.

प्रभावतीचा पुत्र दुसरा प्रवरसेन याच्या 18 व्या वर्षीचा चम्मक ताम्रपट याहून बोलका आहे. अचलपूरजवळचे ते गाव 1000 ब्राह्मणांना दिले. पण अट घातली की त्यांनी राज्याचा द्रोह करू नये, शस्त्र धरू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास जमीन परत घेणे ही चोरी ठरणार नाही! दान आणि निष्ठा यांचा सौदा इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच लिहिला गेला असेल. त्याच पटात 'विष्टी', म्हणजे वेठ, हा शब्द येतो. राजाने आपला वेठीचा हक्क सोडला. राबणाऱ्याच्या संमतीचा उल्लेख कोठेही नाही.

त्याच काळात रोमन साम्राज्यात 380 च्या फर्मानाने एक धर्म राजमान्य ठरला होता. येथे तसे फर्मान निघाले नाही, ही गोष्ट सहिष्णुतेच्या खाती जरूर जमा करावी. परंतु येथे सत्ता आणि धर्म यांना बांधणारा दोर जमिनीचा होता. दामोदर धर्मानंद कोसंबी आणि रामशरण शर्मा यांनी अशाच दानपटांतून सरंजामी व्यवस्थेची वाढ दाखविली. सरंजामशाही हा शब्द भारताला लागू पडतो काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण वेठ होती, याविषयी ताम्रपटच साक्षी आहे. ती किती चिवट ठरली पाहा! महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले.

हा इतिहास तळवड्यात सांगण्याचे प्रयोजन काय? देहूच्या शेजारचे हे इंद्रायणीकाठचे गाव आज कारखाने आणि सॉफ्टवेअर पार्क यांनी वेढले आहे. सवलतींची भाषा मात्र ओळखीची वाटते. 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने करमाफी दिली आणि राज्याच्या कायद्यांखालील अधिकार विकास आयुक्ताकडे सोपविण्याची वाटही मोकळी केली. राजपुरुषांनी आत शिरू नये, ही जुनी सवलत नव्या पोशाखात आली, एवढेच. आणि सरकारी निरीक्षक जेथे शिरत नाही तेथे काय घडते, याचा विचार 8 डिसेंबर 2023 नंतर तरी तळवड्याने करावयास हवा. वाढदिवसाच्या फुलबाज्या बनविणाऱ्या कारखान्यात त्या दिवशी आग लागली आणि पोटासाठी राबणाऱ्या स्त्रिया होरपळून मेल्या.

पुणे ताम्रपटावर राणीचे, तिच्या पित्याचे, दान घेणाऱ्याचे आणि अक्षरे कोरणाऱ्या चक्रदासाचेही नाव आहे. गावच्या कुटुंबीयांना कुशल विचारले आहे, पण नाव एकाचेही नाही. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावर चढविणे, तपासणी सक्तीची करणे, सवलत घेणाऱ्यावर कामगाराच्या जीविताची जबाबदारी टाकणे, या मागण्या म्हणूनच किरकोळ नाहीत. देवाच्या नावाने असो वा विकासाच्या, सवलतीचा कागद पुढे आला की कार्यकर्त्याने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे: सूट कोणाला, आणि वेठ कोणाच्या माथी?