शेगड्याचा गोतावळा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने शेगड्यावर लेख लिहायचा म्हणताच आमच्या वर्गात हशा पिकला. "शेगडीवर का रे?" असेही एकाने विचारून घेतले. शेगडी नव्हे, मित्रहो, शेगडा! लोखंडाचा तुकडा दोन जबड्यांत घट्ट धरून ठेवणारे अवजार. हा शब्द पुस्तकातला. धुळ्या-जळगावच्या गॅरेजांत सगळे त्याला वाइस म्हणतात. मीही पुढे वाइसच म्हणतो.

माझ्या आजोबांचे धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्यालगत ट्रकदुरुस्तीचे लहानसे दुकान होते. दोन वर्षांपूर्वी ते बंद झाले. त्यांचा वाइस फिरत्या बैठकीचा. खालची गोल बैठक टेबलाला बोल्टांनी कायमची आवळलेली आणि वरचे अंग तिच्यावर फिरणारे. दोन बाजूंचे नट सैल करायचे, हवे तसे वळवायचे, पुन्हा आवळायचे. लांब पाइप भिंतीला अडू लागला, तर टेबल हलवावे लागत नाही. वाइसच तोंड फिरवतो. भंगारवाल्याने वरचे अंग तेवढे काढून काट्यावर टाकले. बैठकीचे बोल्ट गंजलेले, म्हणून ती टेबलावरच राहिली आणि टेबल दुसऱ्याच गिऱ्हाइकाला गेले. टेबलाखालच्या डब्याला तर भावच नव्हता. तो फुकटात गेला.

माझे म्हणणे आहे ते या डब्याविषयी.

वाइसच्या जबड्यांना कडक पोलादाचे दातेरी तुकडे बसवलेले असतात. ते लोखंड पक्के धरतात, पण पितळेचा बुश किंवा आट्यांचा बोल्ट तसाच आवळला तर त्यावर वळ उठतात, आटे चेपतात. म्हणून डब्यात तांब्याच्या पत्र्याची, काटकोनात वाकवलेली दोन आवरणे होती. शेफील्डच्या रेकॉर्ड कंपनीचे निळे वाइस जुन्या मिस्तरींना ठाऊक असतील. त्या कंपनीची फायबरची आवरणे विकत मिळत. आमच्याकडे मात्र सगळा घरचा कारभार. गोल पाइपासाठी मधोमध खाच पाडलेले बाभळीचे ठोकळे, पत्रा वाकवताना दोन्हीकडून धरायला अँगलचे दोन सरळ तुकडे, जुन्या पट्ट्याच्या चामड्याच्या चकत्या. यांतल्या प्रत्येक वस्तूमागे एकेक बिघडलेले काम होते. कधीतरी एखादा बुश चेपला असेल, गिऱ्हाईक संतापले असेल आणि त्या रात्री तांब्याचा पत्रा वाकवला गेला असेल.

डब्यात एक वस्तू मात्र नव्हती. दांड्यावर चढवून जोर वाढवायचा पाइपाचा तुकडा! एकदा मी तसा पाइप लावला, तेव्हा आजोबा ओरडले होते, "बिडाचं अंग आहे ते बाबा, तडकलं म्हणजे जोडायचं कशानं?" हाताच्या जोराने आवळते तेवढेच आवळायचे, हा त्यांचा दंडक.

आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' म्हणून त्यांनी जुनी दप्तरे गोळा केली. साधने! मग फिटरचे साधन हे इतिहासाचे साधन का नसावे? बहिणाबाईंनी घरोटावर कविता केली, म्हणून आज जाते न दळणाऱ्या शहरी वाचकालाही घरोट हा शब्द ठाऊक आहे. वाइसच्या वाट्याला अशी बहिणाबाई आलेली नाही.

आमच्या एका सरांनी विचारले, "मग काय महाविद्यालयात भंगार भरायचे?" प्रश्न रास्त आहे. नुसता वाइस आणून काचेच्या कपाटात ठेवला, तर ते भंगारच. पण एक वाइस त्याच्या बैठकीसकट, डब्यासकट, जमल्यास टेबलासकट ठेवला आणि डब्यातली कोणती वस्तू कोणी, कशासाठी केली हे कारागिराच्याच शब्दांत लिहून घेतले, तर गोष्ट वेगळी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस आपण रस्ते झाडतो. एक दिवस भुसावळच्या निवृत्त रेल्वे फिटरांकडे का जाऊ नये? जळगावच्या पाइप आणि पंपवाल्यांकडे, धुळ्याच्या गॅरेजांत का जाऊ नये? कोणी वाइस विकायलाच काढला असेल, तर भंगाराचा भाव आपण द्यावा. फुकट मागू नये. म्हातारपणी त्या पैशांची गरज असते. आणि हे काम मराठी विभागाने करावे, असे मला वाटते. वाइस चालवणारे हात इतरत्र पुष्कळ शिकवले जातात. ते हात काय बोलतात, हे टिपून घेणारे कोणी नाही.

आमचे टेबल मला गेल्या दिवाळीत सापडले. ते एका चहाच्या टपरीवर आहे आणि त्या गोल बैठकीवर खारीची बरणी ठेवलेली असते. मालकाला बैठक मागितली. तो म्हणाला, "काढा की भाऊ, पण बोल्ट निघतील तर!" ते निघाले नाहीत. पुढच्या खेपेस रॉकेल आणि मोठा पाना घेऊन जाणार आहे.