फ्यूजचा तक्ता चालकाच्या हातात द्या

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० सर्व चालक बंधूंनी एकदा नीट समजून घ्यावे. गाडीत धोका निर्माण करणारा दोष आहे, आणि तो चालविणाऱ्याला माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर समजला असता, अशी गाडी रस्त्यावर चालविणे हा गुन्हा आहे. कलमात चालविणाऱ्याबरोबर चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही धरलेला आहे. पण रस्त्यात हात दाखवून थांबविले जाते ते चालकाला. ट्रकचा मागचा दिवा लागत नाही, जाब चालकाला. पावसात वायपर बंद पडला आणि गाडी आदळली, तरी पहिला जबाब चालकाचाच. आमचा प्रश्न साधा आहे. कायदा ज्या साध्या काळजीची अपेक्षा धरतो, ती घेण्यासाठी लागणारी माहिती व साधने चालकाला कोण देणार?

या साधनांतले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे फ्यूज बॉक्सचा तक्ता. कोणता फ्यूज कोठे बसतो, तो किती अँपिअरचा आहे आणि त्याच्यावर काय काय चालते, एवढेच त्यावर असते. नवी गाडी येते तेव्हा तो बॉक्सच्या झाकणावर आतून चिकटवलेला असतो किंवा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतो. वर्षभरात झाकण हरवते आणि पुस्तिका कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद होते. गाडी चालविणाऱ्याकडे तेवढी सोडून बाकी सर्व कागदपत्रे असतात.

आम्ही रेल्वेवाले रस्त्यावरच्या गाडीबद्दल का लिहितो, असे कोणी विचारील. रेल्वेच्या दवाखान्याची रुग्णवाहिका, सामान वाहणारा ट्रक, अधिकाऱ्यांची जीप यांवरही चालक कामगारच राबतो. त्यातले बरेच जण आज ठेकेदाराकडे आहेत, म्हणून ते आमचे नाहीत असे आम्ही मानत नाही. शिवाय रेल्वेत एक चांगली पद्धत आहे, ती इतर उद्योगांतील बंधूंना सांगण्यासारखी आहे. इंजिनावरच्या लोको पायलटला बिघाड शोधण्याची पुस्तिका दिली जाते. तिला ट्रबल शूटिंग डिरेक्टरी म्हणतात. अमुक दिवा लागला नाही तर अमुक फ्यूज पाहा, तो ठीक असेल तर पुढे अमुक पाहा, असे पायरीपायरीने त्यात लिहिलेले असते. जुन्या विद्युत इंजिनांतली सीसीबीए, सीसीपीटी, डीजे ही नावे मुळात फ्रेंच पद्धतीची. आमच्या भुसावळच्या किंवा नागपूरच्या पायलटला फ्रेंच येत नव्हते, तरी ही नावे त्याला तोंडपाठ झाली. माहिती हातात दिली की कामगार ती शिकतो, याला यापेक्षा वेगळा पुरावा नको. मग जो न्याय इंजिनाला, तो ट्रकला, बसला आणि जीपला का नाही?

आता मुळात फ्यूज कशासाठी असतो ते पाहू. पुष्कळांचा समज असा की फ्यूज बल्ब वाचवतो. तसे नाही. फ्यूज वायर वाचवतो. वायरमधून करंट दुप्पट झाला की तिच्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. जी वायर दहा अँपिअरसाठी घातली आहे, तिच्यातून वीस-तीस अँपिअर गेले तर वरचे आवरण वितळते, शेजारची वायर उघडी पडते आणि डॅशबोर्डच्या मागे, जेथे कोणाला दिसत नाही तेथे, आग धरते. हे होण्याआधी जळून जाण्यासाठीच फ्यूज ठेवलेला असतो. म्हणून गेलेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद दाबून बसविणे हा जुगाड नव्हे, तो स्वतःच्या व मागे बसलेल्यांच्या जिवाशी खेळ आहे.

हिशेबही अवघड नाही. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. जीपमध्ये बॅटरी १२ व्होल्टची. ६० वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. ट्रक व बसला सहसा २४ व्होल्ट असतात, तेथे तेवढ्याच वॅटला निम्मा करंट लागतो. हल्लीच्या पाकळीच्या फ्यूजवर आकडा छापलेला असतो आणि रंगही ठरलेला असतो. ५ अँपिअरचा फिकट बदामी, साडेसातचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पांढरा किंवा पारदर्शक, ३० चा हिरवा. अक्षर न येणाऱ्या क्लीनरलाही लालच्या जागी लालच घालायचा हे सांगता येते. पण त्या जागी मुळात लाल होता की निळा, हे तक्त्याशिवाय कोण सांगणार? आधीच्या माणसाने चुकीचा घातला असेल तर चूक पुढे चालूच राहते.

तक्त्याचा खरा उपयोग फ्यूज बदलण्यापुरता नाही. बिघाड कोठे आहे हे बसल्या जागी ओळखण्यासाठी तो आहे. प्रथम काय काय बंद आहे याची यादी करावी. इंडिकेटर, डॅशबोर्डचे काटे आणि मागे घेतानाचा दिवा असे तिन्ही एकदम गेले, आणि तक्त्यात तिघे एकाच फ्यूजवर दाखवले असतील, तर तिन्ही बल्ब काढून पाहण्यात अर्धा तास घालवू नये. तो एक फ्यूज आणि त्याला येणारी वायर पाहावी. उलट त्या तिघांपैकी एकच बंद असेल तर फ्यूज शाबूत आहे हे न उघडताच समजावे. दोष त्या बल्बचा, स्विचचा किंवा अर्थिंगचा आहे. पुष्कळ गाड्यांत डाव्या व उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज असतात, ते याचसाठी की अंधारात दोन्ही एकदम जाऊ नयेत. तशा गाडीत दोन्ही एकदम गेले तर दोन फ्यूज एकाच क्षणी गेले असे सहसा होत नाही. दोघांना समाईक असलेला स्विच किंवा रिले पाहावा.

यानंतर टेस्ट लॅम्प. आमचे डब्यांच्या दिव्यांचे कर्मचारी वर्षानुवर्षे ज्यावर काम करतात, तेच हत्यार. गाडीच्या व्होल्टचा लहान बल्ब घ्यावा, एक वायर गाडीच्या उघड्या लोखंडाला लावावी, किल्ली चालू ठेवावी आणि दुसरे टोक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टिंबांना आळीपाळीने लावावे. दोन्हीकडे बल्ब लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर फ्यूज गेला. दोन्हीकडे लागला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच येत नाही, म्हणून बॅटरीकडच्या बाजूने शोधत जावे. तीन उत्तरे, आणि प्रत्येक उत्तर पुढची दिशा दाखवते.

नवा फ्यूज घालताच गेला तर त्या ओळीत कोठेतरी वायर लोखंडाला टेकली आहे. हॉर्न दाबल्यावरच जात असेल तर शोध हॉर्नच्या फांदीत. खड्ड्यातून जातानाच जात असेल तर वायर कोठेतरी घासली गेली आहे, चासिसच्या भोकातून जाते तेथे पाहावे. फ्यूजवर फ्यूज जाळण्यापेक्षा त्या रिकाम्या जागी इंडिकेटरचा बल्ब जोडावा आणि त्या फ्यूजवरची सर्व उपकरणे बंद करावीत. तरी बल्ब पूर्ण तेजाने लागला तर शॉर्ट आहे. मग एकेक जोड सोडवत जावे. ज्या जोडाला बल्ब विझतो, ती फांदी दोषी. फ्यूज चांगला असून दिवा मंद लागत असेल, इंडिकेटर दिल्यावर शेजारचा दिवाही लुकलुकत असेल, तर गंजलेले अर्थिंग खरवडून घट्ट करावे.

आता प्रशासन काय म्हणते? पहिले, चालकाने विजेत हात घालू नये, ते इलेक्ट्रिशियनचे काम. आम्ही इलेक्ट्रिशियनचे काम काढून घ्यायला सांगत नाही. घाटात रात्री दोन वाजता इलेक्ट्रिशियन कोठून आणायचा, एवढेच विचारतो. आणि मर्यादा आम्हालाही मान्य आहे. विजेवरच्या बस व गाड्यांतल्या नारिंगी वायरींना, तसेच एअरबॅगच्या जोडांना, प्रशिक्षण नसलेल्याने कदापि हात लावू नये. टेस्ट लॅम्पही तेथे नेऊ नये. चांगल्या तक्त्यात ही मनाईसुद्धा ठळक छापलेली असते. तक्ता नसेल तर काय धरायचे आणि काय नाही, दोन्ही कळत नाही.

दुसरे म्हणणे असे की चालकाला इंग्रजी येत नाही, तक्ता देऊन काय उपयोग? हे ऐकून आम्हाला राग येतो. हा अंक वाचणारे मराठी बंधू भिलाईत आहेत, इंदूरला आहेत, सुरतेला आहेत, सिकंदराबादेत आहेत. एकच ट्रक आज मराठी माणूस चालवतो, उद्या पंजाबी, परवा तमीळ. म्हणून आमची मागणी अशी की तक्त्यावर आकडा हवा, उपकरणाचे चित्र हवे आणि चालकाला वाचता येईल त्या लिपीत नाव हवे. इंग्रजी अक्षरांची तीन-चार अक्षरी कोडी छापून जबाबदारी संपत नाही.

एक प्रकरण सांगतो. एका कार्यालयातल्या ठेक्यावरच्या जीपची डॅशबोर्डमागची वायरिंग जळाली. चालक दीड महिन्यापूर्वीच त्या गाडीवर आला होता. ठेकेदाराने खर्च त्याच्या पगारातून कापायला सुरुवात केली. आम्ही मध्ये पडलो आणि फ्यूज बॉक्स सर्वांसमक्ष उघडायला लावला. एका जागी फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली होती, जुनी, काळी पडलेली. झाकण नव्हते, तक्ता नव्हता, जादा फ्यूज एकही नव्हता. ती तार कोणी व कधी घातली याची नोंद कोठेच नव्हती. आम्ही एवढेच विचारले, की या जागी किती अँपिअरचा फ्यूज हवा ते इथल्या कोणीही सांगावे. कोणालाच सांगता आले नाही. जे साहेबांना सांगता येत नाही, ते न पाहिल्याबद्दल चालकाचा पगार कापायचा, हा कोणता न्याय? कापलेले पैसे परत मिळाले, पण त्याला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत त्या घराने उसनवारी केली.

ट्रक व बसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आपल्याकडे पुष्कळ गाड्या चासिस म्हणून विकत घेतल्या जातात व बॉडी दुसरीकडे बांधली जाते. तेथे जादा दिवे, पंखे, हॉर्न, टेप यांच्या वायरी जोडल्या जातात, कधी सरळ बॅटरीवरून, मध्ये फ्यूजसुद्धा न घालता. कारखान्याचा तक्ता त्या दिवसापासून अपुरा पडतो. म्हणून बॉडी बांधणाऱ्याने जे जे जोडले त्याला फ्यूज घालून तक्त्यात त्याची भर टाकल्याखेरीज मालकाने गाडी ताब्यात घेऊ नये.

आमच्या मागण्या अशा आहेत. तक्ता झाकणावर आणि त्याची प्रत लॉगबुकात असावी. प्रत्येक आकड्याचे दोन जादा फ्यूज, फ्यूज ओढण्याचा चिमटा व टेस्ट लॅम्प गाडीत असावा. कामाच्या वेळेत, पगारी, एक दिवसाचे प्रशिक्षण सर्व चालकांना द्यावे, ठेक्यावरच्या चालकांनाही. चालकाने बिघाड लिहून दिला की त्यावर स्वीकारणाऱ्याची सही व वेळ पडावी. आणि या चार गोष्टी होत्या की नव्हत्या हे तपासल्याशिवाय विजेच्या बिघाडावरून कोणाला आरोपपत्र देऊ नये, पगार कापू नये. यातली एकही मागणी मोठ्या पैशाची नाही.

आणि चालक बंधूंनो, आपल्या बाजूचेही तीन नियम. तार कधीही घालायची नाही, कोणी साहेब उभे राहून सांगत असले तरी नाही. ठरलेल्यापेक्षा मोठा फ्यूज घालायचा नाही. आणि तोच फ्यूज दुसऱ्यांदा गेला तर बिघाड सापडेपर्यंत ते उपकरण बंद ठेवायचे, हेडलाइट, ब्रेकचा दिवा किंवा पावसात वायपर असेल तर गाडी बाजूला उभी करायची, आणि लेखी कळवायचे. लेखी कळवलेली एक ओळ पुढे चौकशीत दहा साक्षीदारांचे काम करते, असा आमचा अनुभव आहे.

प्रत्येक शाखेने पुढच्या सभेपूर्वी आपल्या ठिकाणच्या सर्व गाड्यांचे फ्यूज बॉक्स उघडून पाहावेत. किती गाड्यांत तक्ता आहे, किती ठिकाणी तार आहे, हे गाडीच्या नंबरासह वहीत उतरवावे, त्यावर चालकाची सही घ्यावी आणि त्या वहीची प्रत घेऊनच प्रशासनापुढे बसावे.