इंग्रजीची मध्यस्थी आणि स्पॅनिश प्रदेशातील उच्चशिक्षण

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने परदेशी उच्चशिक्षणाचा विचार केलाच, तर त्याची दृष्टी बहुधा इंग्लंड-अमेरिकेपलीकडे जात नाही. मराठी समीक्षेची आधुनिक परिभाषा ज्या वाटेने आली, त्याच वाटेने तिचा अभ्यासकही जातो, यात नवल नाही. तथापि मराठी कादंबरीच्या चर्चेत ज्या परकीय साहित्याचे दाखले वारंवार दिले जातात, त्यात लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश साहित्यही आहे. हे साहित्य आणि त्याविषयीची मीमांसा ही दोन्ही आपल्याकडे प्रायः इंग्रजीतून आली. निदान काही मराठी अभ्यासकांनी पदव्युत्तर पातळीवर स्पॅनिश भाषक देशांत, स्पॅनिश माध्यमातून अध्ययन करणे हाच या स्थितीवरील खरा उपाय होय. मराठी समीक्षेच्या स्वायत्ततेशी हा प्रश्न निगडित आहे.

मध्यस्थीने काय हरवते, हे पाहण्यास ‘जादुई वास्तववाद’ ही एकच संज्ञा पुरेशी आहे. आपल्याकडे ती गार्सिया मार्केझ यांच्या कादंबरीचे लक्षण म्हणून रूढ झाली. वस्तुतः तिचा उगम जर्मन कलासमीक्षक फ्रान्झ रोह यांच्या 1925 मधील चित्रकलाविषयक ग्रंथात आहे. 1927 मध्ये त्या ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर माद्रिदहून प्रसिद्ध झाले आणि 1948 मध्ये आर्तुरो उस्लार पिएत्री यांनी व्हेनेझुएलातील कथेसंबंधी ती संज्ञा वापरली. क्यूबाचे कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर यांनी 1949 मधील आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत मांडलेली ‘अद्भुत वास्तवा’ची कल्पना याहून वेगळी आहे. युरोपीय अतिवास्तववाद्यांचे अद्भुत कृत्रिम असून अमेरिका खंडाच्या इतिहासात ते मुळातच वसते, असा त्यांचा दावा होता. पहिली कल्पना शैलीविषयी बोलते, तर दुसरी इतिहासाविषयी. मराठीत या दोहोंचा एकच गोळा झाला आणि एखाद्या कादंबरीत स्वप्न किंवा चमत्कार आला की हे लेबल लावण्याची सोय झाली. स्पॅनिश विभागातील चर्चासत्रात बसलेल्या विद्यार्थ्यास हा भेद पहिल्या सत्रातच ओलांडता येणार नाही.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. क्यूबाचे मानववंशशास्त्रज्ञ फेर्नान्दो ओर्तिस यांनी 1940 मध्ये ‘त्रान्सकुल्तुरासिओन’ ही संज्ञा घडविली. संस्कृतिसंपर्कासाठी इंग्रजीत रूढ असलेल्या शब्दातून दुर्बल संस्कृतीने प्रबळ संस्कृती स्वीकारण्याची एकमार्गी प्रक्रियाच सूचित होते, असा त्यांचा आक्षेप होता. उरुग्वेचे समीक्षक आन्हेल रामा यांनी 1982 च्या आपल्या ग्रंथात ही संज्ञा कादंबरीच्या मीमांसेला लावली आणि पेरूचे होसे मारिया आर्गेदास यांच्या लेखनात केचुआ व स्पॅनिश या भाषांचे नाते कसे घडते, याचे विवेचन केले. बोली आणि प्रमाणभाषा यांच्या ताणातून घडलेल्या मराठी कादंबरीच्या अभ्यासकाला हे विवेचन किती जवळचे वाटावे! तरीही आपल्या प्रबंधांत वासाहतिकतेची चर्चा इंग्रजी विद्यापीठांतून आलेल्या सिद्धान्तांवरच उभी राहते. वसाहतीचा अनुभव घेतलेल्या दुसऱ्या एका समाजाने स्वतःच्या भाषेत घडविलेली परिभाषा मात्र दृष्टिआड राहते.

‘तेस्तिमोनियो’ अर्थात साक्ष-कथनाची आणि दलित आत्मकथनाची तुलना आता अपरिचित नाही. 1970 मध्ये हवानाच्या ‘कासा दे लास आमेरिकास’ या संस्थेने आपल्या पुरस्कारांत या प्रकारास स्वतंत्र स्थान दिले. पण 1966 मध्ये मिगेल बार्नेत यांनी सिद्ध केलेले एस्तेबान मोन्तेहो या पूर्वाश्रमीच्या गुलामाचे कथन असो, की 1983 मधील रिगोबेर्ता मेंचू यांचे कथन असो, तेथे बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा आहे. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बलुतं’मध्ये दया पवार स्वतःच लेखणी धरतात. हा भेद तपशिलाचा नाही, कर्तृत्व कोणाचे हा मूळ प्रश्नच त्यात आहे. तो सोडविण्यास मूळ स्पॅनिश संहिता, तिच्या संपादनाचा इतिहास आणि तत्संबंधीचे वाद वाचता आले पाहिजेत. या बाबतीत मराठीचा अभ्यासक केवळ घेणारा राहणार नाही. त्याच्यापाशी देण्यासारखेही पुष्कळ आहे.

असे अध्ययन कोठे होऊ शकेल? मेक्सिको शहरातील ‘एल कोलेहिओ दे मेहिको’ ही संस्था या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. यादवी युद्धामुळे परागंदा झालेल्या स्पॅनिश विद्वानांसाठी 1938 मध्ये स्थापन झालेल्या आश्रयगृहातून ती 1940 मध्ये उभी राहिली. साहित्य व भाषाविज्ञान यांचा अभ्यास तेथे चालतोच. शिवाय 1964 पासून तेथे पौर्वात्य अध्ययनाची परंपरा असून पुढे त्यातूनच आशिया व आफ्रिका अध्ययनाचे केंद्र विकसित झाले. भारताकडे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून कसे पाहिले जाते, हे तेथे प्रत्यक्ष अनुभवता येते. या देशाशी मराठी माणसाचा संबंधही नवा नाही. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापन केले आणि मेक्सिकन शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविण्यात पुढाकार घेतला. ते तेथे त्या लोकांच्या भाषेत वावरले, हे त्यांच्या कार्याचे मर्म होय.

या मार्गातील अडचणी नाकारण्यात अर्थ नाही. व्याख्याने, चर्चा व प्रबंध स्पॅनिशमध्ये असल्यामुळे निघण्यापूर्वी किमान दोन वर्षांची भाषिक सिद्धता लागते. पदवीपत्रांचे प्रमाणीकरण आणि परतल्यावर समकक्षता मिळविणे यांत वेळ जातो. त्याहून गंभीर आक्षेप असा की, स्पॅनिश हीदेखील साम्राज्याचीच भाषा आहे. मग इंग्रजी टाकून ती धरण्यात काय साधले? आक्षेप योग्य आहे. 2003 च्या कायद्याने मेक्सिकोने आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला आणि शासकीय सूचीत त्यांचे 68 गट नोंदले गेले आहेत. नाहुआत्ल किंवा माया भाषकाच्या दृष्टीने स्पॅनिश ही तटस्थ भाषा नव्हे. परंतु हे सत्य त्या प्रदेशात राहूनच नीट उमगते. एका साम्राज्यभाषेच्या सावलीत वाढलेल्या अभ्यासकाला दुसरी साम्राज्यभाषा आतून पाहता आली, तर पहिलीचे सार्वत्रिकत्व किती सापेक्ष आहे, हेही त्याला कळू लागते.

तेव्हा ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकून भागणार नाही. मराठी विभागांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमात एखादी परकीय भाषा शिकण्यास श्रेयांक द्यावेत, तुलनात्मक विषयावरील प्रबंधासाठी मूळ भाषेच्या ज्ञानाचा आग्रह धरावा आणि परदेशात घालविलेली वर्षे सेवेतील खंड मानू नयेत. परतलेल्या अभ्यासकाकडून मूळ स्पॅनिशमधून मराठीत भाषांतरे व परिभाषेच्या चिकित्सक टिपणांची अपेक्षा ठेवावी. प्रतिवर्षी दोघे-तिघे जरी या वाटेने गेले, तरी दहा वर्षांत मराठी समीक्षेला एका स्वतंत्र साहित्यविश्वाशी थेट संवाद साधणारी एक फळी लाभेल. इंग्रजीवर बहिष्कार घालण्याची त्यासाठी आवश्यकता नाही. तिच्यावाचून जगाकडे पाहताच येत नाही, हा समज तेवढा सोडावयास हवा.