गच्चीवरच्या उन्हाचं काय केलंत?

नाशिकचे माझे साडू दरवर्षी विचारतात, "तुमच्या ठाण्यात थंडी पडते तरी का हो?" पडते, असं मी त्यांना सांगतो. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तेवढी आता पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आमच्या कोलशेतला खाडीकडून पहाटवारा सुटला की पंधरा-सोळा अंशांतही माणूस गारठतो. आमची घरं बांधलेली असतात ती उकाड्याच्या हिशेबाने. सरकत्या काचांच्या फटींतून वारा आत शिरतो, गुळगुळीत फरशी पायाला झोंबते आणि गच्चीवरच्या टाकीत रात्रभर निवलेलं पाणी सकाळी नळाला येतं. माझी आई ८६ वर्षांची आहे. तिच्या लेखी हिवाळा म्हणजे याच तीन गोष्टी.

मी ३४ वर्षं इथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. निवृत्त झाल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी झालो. दर जानेवारीत लोक विजेचं बिल घेऊन माझ्या दारात येतात. पंखे बंद, एसी बंद, मग बिल वाढलं कसं? उत्तर बाथरूमच्या भिंतीवर टांगलेलं असतं.

एक बादली म्हणजे वीस लिटर पाणी. ते २२ अंशांवरून ४० अंशांवर आणायला साधारण ०.४२ युनिट वीज लागते. हे पदार्थविज्ञान आहे, कोणत्याही कंपनीच्या गीझरने ते बदलत नाही. घरात चार माणसं आणि प्रत्येकी एक बादली धरली तर महिन्याला पन्नास युनिटं नुसत्या आंघोळीची. शॉवर सोडून दहा मिनिटं उभं राहणाऱ्याचा हिशेब याच्या तिप्पट-चौपट. शिवाय ही पन्नास युनिटं बिलात सगळ्यात वर जाऊन बसतात. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि पहिल्या शंभरानंतर दर जवळजवळ दुप्पट होतो. एरवी नव्वद युनिटांत भागवणाऱ्या घराला हिवाळ्यातली आंघोळ महागड्या टप्प्यात ढकलते. वर सोळा टक्के वीज शुल्क आहेच.

गीझर दिवसभर चालू ठेवला म्हणजे तो दिवसभर दोन हजार वॅट खातो, असं नाही. थर्मोस्टॅट वीज तोडतो. पंधरा लिटरची टाकी २२ वरून ५५ अंशांवर यायला सतरा-अठरा मिनिटं पुरतात. पण नंतर टाकी निवते, पुन्हा तापते, पुन्हा निवते आणि कुणी नळ न उघडताही मीटर पुढे सरकतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो: आंघोळीआधी वीस मिनिटं लावा, थर्मोस्टॅटचा काटा पन्नास-पंचावन्नवर ठेवा आणि घरातल्यांनी एकामागून एक आंघोळ उरका. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर एलिमेंटवर क्षारांचं कवच चढतं. वर्षातून एकदा ते काढून घ्या.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर एकांनी म्हाताऱ्या वडिलांसाठी ब्लोअर आणला. दोन हजार वॅटचा ब्लोअर सलग चालला तर तासाला दोन युनिट. रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून ती पायाशी ठेवली तर खर्च एका युनिटाचा जेमतेम दहावा भाग, आणि ऊब पहाटेपर्यंत पुरते. पिशवीला कापड गुंडाळा, कारण म्हाताऱ्या कातडीला चटका लगेच कळत नाही. मीच त्यांना पिशवी आणून दिली. आमच्या घरी पलंगाखाली सतरंजी घातली, खिडकीच्या फटींना फोमची पट्टी चिकटवली आणि आईच्या भाच्यांनी शिवलेली गोधडी तिच्या अंगावर घातली. आमच्या हवेत यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आईच्या घरी कोलशेत गावात तांब्याचा बंब होता. त्यात नारळाच्या करवंट्या, झावळ्या, वाळकी लाकडं जात. पहाटे चार वाजता पेटवलेल्या बंबावर सात माणसं न्हात. आता बंब नको, त्या धुराने माझ्या आजीचे डोळे गेले. पण त्या बंबातली एक गोष्ट मला अजून पटते: एका चुलीवर सगळ्या घराचं पाणी तापायचं. आता एका इमारतीत साठ गीझर एकाच वेळी लागतात, आणि डोक्यावर फुकट तापलेलं पाणी पडून असतं.

खरं दुखणं हेच आहे. ठाण्यात नव्या इमारतींवर सौर बंब बसवण्याची सक्ती बरीच जुनी. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी सौर बंब किंवा सौर विजेची तरतूद आहे. त्यामुळे संच बसतात, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, बिल्डर जातो. मग काय होतं ते आमच्याच गच्चीवर मी पाहिलं. पहिले तीन हिवाळे छान गेले. पुढे काचेच्या काही नळ्या फुटल्या, उरलेल्यांत क्षार साठला, एक झडप अडकली आणि गरम पाणी थंडात मिसळू लागलं. देखभालीचा करार संपला, तो कुणी नव्याने केला नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, बादलीभर पाणी वाया जातं तेव्हा कुठे कोमट येतं." त्या खरं बोलत होत्या. गच्चीपासून बारा मजले खाली उतरणाऱ्या एक इंची पाइपात सतरा-अठरा लिटर पाणी रात्रभर उभं असतं, आणि सकाळी पहिला नळ उघडणाऱ्याच्या वाट्याला ते गार पाणी येतं. लोकांनी नळ उघडणं सोडलं आणि सात वर्षं ते संच कबुतरांना बसायला उरले.

सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला तेव्हा खर्चावरून दोन तास वाद झाला. शेवटी दुरुस्ती निधीतून पैसे निघाले. नळ्या बदलल्या, पाइपांना उष्णतारोधक आवरण चढवलं, तळापासून वर परत जाणारी एक बारीक पाइप टाकली आणि तिच्यावर छोटा पंप बसवला. टायमर साडेपाचला पंप लावतो, गार पाणी वर परत जातं आणि सहाला सगळ्या मजल्यांवर नळ उघडताच ऊन पाणी येतं. साडेआठला लाइन बंद होते. गेल्या हिवाळ्यात आभाळ भरून आलं तेवढेच दिवस माझ्या घरचा गीझर लागला.

काही कमिट्या आता पाण्याच्या नळ्या उतरवून तिथे वीज करणारी पॅनेलं लावतायत. फेब्रुवारी २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट, पंप, दिव्यांसाठीच्या पॅनेलांना किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, आणि ते घ्यायलाच हवं. पण एक लक्षात ठेवा: एकाच जागेवर पडणाऱ्या उन्हातला निम्म्याच्या आसपास हिस्सा सौर बंब पाण्यात उतरवतो, तर पॅनेल साधारण पाचव्या हिश्शाचीच वीज करतं. जागा असेल तर दोन्ही ठेवा, नळ्या भंगारात घालू नका. पस्तीस-चाळीस मजली टॉवरच्या गच्चीवर सगळ्यांपुरतं पाणी तापणार नाही, हे मान्य. तिथे निदान लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरांना ते आधी मिळावं.

सावलीचा प्रश्न मात्र कमिटीच्या हातातला नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीही सत्तेचाळीस अंशांवरच असतो, म्हणजे शंभर मीटर उंच टॉवरची सावली बारा वाजता उत्तरेला नव्वद मीटर लांब पडते. आमच्या दक्षिणेला असा एक टॉवर दोन वर्षांपूर्वी उभा राहिला. आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यातलं ऊन त्याने नेलं, आणि आई ज्या गॅलरीत सकाळभर ऊन खात बसायची तिथलंही. साडेदहाला ऊन येतं, साडेअकराला जातं. ती खुर्ची सरकवत राहते. नकाशे मंजूर करताना शेजारच्या गच्चीचं डिसेंबरातलं ऊन कुणी मोजतं का? मोजायला हवं. आणि सौर संचाची तपासणी भोगवटा प्रमाणपत्रापुरती ठेवू नका. महापालिकेने दरवर्षी नोव्हेंबरात ती करावी. मालमत्ता करात सवलत द्यायची तर नळातून गरम पाणी येणाऱ्या इमारतीलाच द्यावी.

दोन गोष्टी थोडक्यात, पण त्या जिवाशी निगडित आहेत. बिल वाचवायला पाइप गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणूस न ओरडता कोसळतो. गीझर बाहेर, वाहत्या हवेत बसवा. आणि गेटवरच्या वॉचमनकडे बघा. तो रात्री प्लायवूडचे तुकडे आणि रेक्झिन पेटवून हात शेकतो, तो विषारी धूर त्याच्या छातीत जातो आणि आपल्या खिडक्यांतही येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजारांचा दंड ठरवला. दंडाआधी त्याला दार असलेली केबिन, जाड घोंगडी आणि थर्मासभर चहा द्या. आमच्या सोसायटीत हे सगळं एका महिन्याच्या वर्गणीत झालं.

या रविवारी कमिटीतल्या कुणाला तरी बरोबर घेऊन गच्चीवर जा. किती नळ्या शाबूत आहेत ते मोजा, टाकीला हात लावून पाहा आणि प्लंबरला याच आठवड्यात बोलवा. थंडी अजून दोन महिने आहे.